दहा मे आणि दोन डिसेंबर

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं हायस्कुलात कारकुनी केली. शाळेच्या कपाटातले कागद जो रोज उघडतो, त्याचा माणसांवरचा विश्वास हळूहळू उडतो. आजारपणाचे खोटे दाखले, एकाच आजोबांच्या मरणासाठी घेतलेल्या तीन रजा, एक जूनला जन्मलेली अर्धी वाडी, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. आमची आनंदी म्हणते, "तुम्ही देवाच्या प्रसादाचासुद्धा आधी वास घेता." घेतो. त्यात काय चुकलं?

तेव्हा शमिका पाष्टेबद्दल मी जे सांगणार आहे ते सत्कारात ऐकलेलं नाही. ती भारताकडून हॉकी खेळते, आजवर त्रेसष्ट सामने खेळली, त्यामुळे सत्कार पुष्कळ झाले. प्रत्येक सत्कारात कोणीतरी उठून सांगतो की लहानपणापासूनच तिच्यात चमक होती. साफ खोटं. लहानपणी तिच्यात चमक वगैरे कोणाला दिसली नव्हती. मला तर ती पहिल्यांदा दिसली ती चोर म्हणून.

आमचं गाव रत्नागिरी शहरापासून वीसेक किलोमीटर आत, सड्यावर. वर नुसता काळा जांभ्याचा कातळ पसरलेला, खाली उतारावर कलमांच्या बागा आणि वाड्या. शाळा सड्याच्या एका टोकाला. एका वर्षी कुठल्याशा सरकारी योजनेतून शाळेला बारा हॉकी स्टिक आल्या. आमच्याकडे खेळायचे ते कबड्डी नाहीतर क्रिकेट, त्यामुळे त्या स्टिक सामानाच्या खोलीत गणपतीच्या मखराखाली जाऊन पडल्या. दिवाळीनंतर पाहिलं तर अकराच. मी काय समजायचं ते समजलो. खेळाचे विनीत सर तेव्हा नवीन होते आणि नुकतीच त्यांनी मोटरसायकल घेतली होती. चार दिवस मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना सड्यावर टप टप आवाज ऐकू आला. बघतो तर सहावीतली एक पोर, लाल रिबिनी, दप्तर कातळावर फेकलेलं, आणि हातात शाळेची स्टिक. जुना टेनिसचा चेंडू घेऊन ती एकटीच पळत होती. कातळावर चेंडू कधी सरळ जात नाही. खाचेत पडला की भलतीकडेच उडतो. पण हिच्या स्टिकपासून तो वीतभरही लांब जाईना. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते. दुसऱ्या अंगाने चेंडू अडवायचा तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते, हे मला पुढे विनीत सरांनी सांगितलं. ते हिचं हिने शोधून काढलं होतं. मला अर्थातच वाटलं, हिला कोणीतरी चोरून शिकवतंय.

"काय गो, स्टिक कोणाची ही?"

"शाळंची."

"कोणी दिली तुला?"

"कुनी नाय. खिडकीतनं काडली."

"कशाला?"

"पडून व्हती," ती म्हणाली, आणि वर माझ्याकडेच असं पाहिलं की स्टिक पडू देण्याचा गुन्हा माझा.

कानाला धरून तिला विनीत सरांपुढे उभी केली. सरांनी तिला मारायचं सोडून म्हटलं, "परत करून दाखव." त्या संध्याकाळी आमच्या शाळेचा मुलींचा हॉकी संघ जन्माला आला. मला वाटलं होतं पंधरा दिवस टिकेल.

टिकला तो दोन मुलींमुळे. एक शमिका, दुसरी अवनी. अवनी दर्शनची मुलगी. दर्शनचं नाक्यावर किराणा दुकान आहे आणि एक टेम्पो. सामन्यांना पोरी त्या टेम्पोतून जायच्या, मागे गोणपाटांवर बसून, तोंडाला माती लावून परत यायच्या. दर्शनने कधी डिझेलचं नाव काढलं नाही. मला त्यातही संशय आला होता की याला पुढे निवडणुकीला उभं राहायचं असणार. तो कधी उभा राहिला नाही.

शमिका बचावाला, अवनी पुढे. शमिका चेंडू हिसकावून घ्यायची आणि न बघता अवनीकडे द्यायची, कारण अवनी जिथे असायला हवी तिथे असायचीच. खेळातलं मला कळत नाही, पण सातवीत जिल्ह्याचा सामना बघायला गेलो होतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते ते अवनीला. आठवीला दोघींची पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली. अवनी तिथे कावीळ होऊन सहा महिन्यांत परत आली आणि पुढे दहावीनंतरही आमच्याच शाळेच्या मैदानावर खेळत राहिली. शमिका टिकली. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा दाखला न्यायला ऑफिसात आली होती. मी विचारलं, "काय गो, कसं आहे तिकडचं मैदान?"

"निळं असतं, काका. पाणी मारतात त्याच्यावर." मग नाक मुरडून म्हणाली, "चेंडू सरळच जातो. मजाच नाय."

अकरावीत तिला अठरा वर्षांखालच्या भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. मे महिन्यात संघ परदेशी जायचा होता. गावाला आनंद झाला, मलाही झाला. तिथे वयाचा पुरावा म्हणून शाळेच्या रजिस्टराचा उतारा हवा होता. मी रजिस्टर काढलं आणि लिहायला घेतलं: शमिका पाष्टे, जन्म दोन डिसेंबर. आणि सहज वरच्या ओळीवर नजर गेली. वरची ओळ तिच्या बहिणीची, नम्रताची. दोघी एकाच दिवशी शाळेत घातलेल्या, एकाच वर्गात. नम्रताचा जन्म दहा मे. वर्ष तेच.

दहा मे ते दोन डिसेंबर. पावणेसात महिने.

मी चष्मा पुसून परत पाहिलं. त्या ओळी मीच प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून उतरवल्या होत्या. सात वर्षं त्या माझ्या कपाटात होत्या आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, याचा मला पहिला राग आला. एका आईच्या पोटी पावणेसात महिन्यांनी दुसरं मूल होत नाही. म्हणजे एक तारीख खोटी. कुठली, याचा विचार करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. खेळाडू वय चोरतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि चोरतात ते कमी करण्यासाठी. शमिका उंचीने नम्रतापेक्षा चार बोटं वर. मोठी तीच असणार, आणि घरच्यांनी तिला लहान दाखवली असणार.

तिची आई दीपाली उतारा न्यायला आली. नवरा मुंबईला कापडाच्या दुकानात, सासरे भिकाजी आदल्याच वर्षी गेलेले, त्यामुळे घरातली सगळी धावपळ तिच्याच अंगावर. मी कागद देता देता सहज विचारल्यासारखं केलं, "नम्रता मोठी ना गो?"

ती थबकली. पदर सारखा केला. म्हणाली, "व्हय. नमू मोटी." आणि कागद जवळजवळ हिसकावून घेऊन पायऱ्या उतरली.

मला तेवढं पुरे झालं. तिथल्या तिथे सरळ विचारता आलं असतं, "दीपाली, ही तारीख कशी?" पण सरळ विचारलं तर माणसं खोटंच सांगतात, असं माझं इतक्या वर्षांचं मत. त्यापेक्षा कागद बरा. मी घरी आलो, दार लावलं आणि दिल्लीला हॉकीच्या संघटनेला एक निनावी अर्ज लिहिला. दोन्ही तारखा घातल्या. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने लिहिला. मंगळवारी डोळे दाखवायला म्हणून रत्नागिरीला गेलो, मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर मारली आणि तिथल्या पेटीत पाकीट टाकलं. परत येताना मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, आपण देशाचं काहीतरी काम केलं असंच वाटत होतं. अर्ज लिहिला त्या रात्रीच जेवताना आनंदीने विचारलं होतं, "डाव्या हाताला शाई कशी लागली?" मी म्हटलं, पेन गळतंय. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही हेच मला खटकलं.

पुढच्या महिन्यात शमिकाला शिबिरातून घरी पाठवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत खेळायचं नाही. मग चौकशीला एक बाई आल्या, दिल्लीकडच्या, हातात फाइल. आमच्या ऑफिसात बसून त्यांनी ते पाकीट आणि त्यातला अर्ज टेबलावर ठेवला. मुख्याध्यापक, विनीत सर, दीपाली, शमिका, सगळ्यांनी ते पाहिलं. मीही पाहिलं आणि आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा केला. पाकिटावर रत्नागिरीचा शिक्का, मंगळवारची तारीख.

संध्याकाळपर्यंत वाडीत एकच नाव झालं. दर मंगळवारी दुकानाचा माल आणायला रत्नागिरीला कोण जातं? दर्शन. कोणाची पोर वसतिगृहातून परत आली? दर्शनची. कोणाच्या पोटात दुखणार? दर्शनच्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की गाव कावळ्यालाच फाशी देतं. दर्शन नाक्यावर उभा राहून सांगत होता, "अरे, मी कशाला करीन? माज्या टेम्पोतनं पोर वाडली ती!" जितकं तो सांगे तितकी लोकांची खात्री पटे.

मी काय केलं? काही नाही. मी घरी बसलो.

तेवढ्यात शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि घरातलं जे काही दुखणं खुपणं असेल त्याचं देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव हातात नारळ धरून देवाशी बोलतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. पालखी पाष्ट्यांच्या अंगणात जायला निघाली तेव्हा मीही मागून गेलो. नसतो गेलो तर कोणी म्हटलं असतं, हरिकाका का नाही आले? खाई त्याला खवखवे.

दीपालीने नारळ शिवा गुरवाच्या हातात दिला आणि कानाशी काहीतरी सांगितलं. शिवाने आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज तुजी पालखी या दीपालीच्या अंगनात आली हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"हिची लेक देशाकरता खेळाया निगाली व्हती, तिच्यावर कुनीतरी निनावी कागद केलान!"

"व्हय म्हाराजा!"

"तो गावातला असू दे नायतर गावाभायरचा. त्याला पुडच्या शिमग्याच्या आत तुज्या दारात उबा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या बरोबर मीही म्हणालो. काय करणार? तोंड उघडलं नसतं तर शेजारच्याने पाहिलं असतं. पालखीच्या पलीकडे दर्शन उभा होता. तो सगळ्यांत मोठ्याने ओरडला, आणि त्याच्या आजूबाजूला दोन दोन हात जागा मोकळी होती. घराच्या पायरीवर शमिका बसली होती. ती देवाकडे पाहत नव्हती. ती आम्हा माणसांकडे पाहत होती.

शिमग्यानंतर तिला पुण्याला नेऊन मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांवरून वय कळतं म्हणे. अहवाल आला आणि मी खुर्चीतच बसलो. वय कागदापेक्षा जास्त नव्हतं. कमी होतं. चांगलं वर्षभराने कमी.

मग दीपालीने तोंड उघडलं. शाळा सड्याच्या पलीकडे, वाटेत पावसाळ्यात भरून वाहणारा पऱ्या. नम्रता एकटी जायला तयार होईना, रडून घर डोक्यावर घेई. तेव्हा आजोबांनी, भिकाजीने, तोड काढली. धाकटीलाही तिच्या बरोबर शाळेत घालू, जोडीने जातील. शाळेत म्हणाले, पाच पूर्ण हवीत. भिकाजीने बोटं मोजली आणि पाच पूर्ण होतील अशी तारीख ठोकून दिली. थोरलीची तारीख काय लिहिलीय, हे बघायचं त्याला कशाला सुचेल? शमिका खरी जन्मली ती पुढल्या वर्षी नोव्हेंबरात, भात झोडायच्या दिवसांत, दीपालीच्या माहेरी सावर्ड्याजवळ. तिथल्या नर्सबाईंच्या जुन्या वहीत नोंद सापडली. साडेचार वर्षांची पोर पहिलीत बसली होती, आणि पुढे प्रत्येक सामन्यात आपल्यापेक्षा वर्षाने मोठ्या पोरींशी खेळली होती. तारीख खोटी होती, हे मी बरोबर पकडलं. खोटं तिच्या फायद्याचं असणारच, हे मात्र मी माझ्या मनातलं घातलं. दीपाली इतके दिवस गप्प होती ती भीतीने. खोट्या तारखेसाठी पोरीला कायमची काढतील, असं तिला वाटायचं.

चौकशीच्या बाई हसल्या म्हणे. तारीख दुरुस्त करून घ्या म्हणाल्या. पण हे होईपर्यंत मे उलटला होता आणि संघ परदेशी जाऊन परत आला होता. शमिकाचा पहिला दौरा गेला.

तारीख दुरुस्तीचे कागद माझ्याच हातून जायचे होते. मी ते इतक्या झटपट करून दिले की मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय हो, तब्येत बरी आहे ना?"

पुढच्या वर्षी तिची पुन्हा निवड झाली. मग ज्युनिअर संघ, मग रेल्वेत नोकरी, आणि एकोणिसाव्या वर्षी मोठ्या भारतीय संघात. पहिला सामना मी घरी मोबाइलवर पाहिला. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यात एक जण गोलरेषेवरून सुटून थेट चेंडू मारणारीच्या अंगावर धावते. तोंडाला जाळी, गुडघ्याला पट्टे, आणि तरी ते काम कोणाला नको असतं, कारण चेंडू दगडासारखा येतो आणि लागला तर हाड मोडतं. आमची शमिका ते काम मागून घेते. मी खुर्चीत मागे सरलो आणि ती पुढे धावली. चेंडू मांडीवर घेतला आणि उठून उभी राहिली. सामना आपण हरलो. मला रडू आलं. आनंदीने पाहिलं आणि मोबाइल बंद करून ठेवला.

नंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अकरा महिने बाहेर होती. मला वाटलं संपलं आता, परत येईन म्हणते ती नुसती नोकरीसाठी. आली परत. माझा एकही संशय त्या पोरीने कधी खरा होऊ दिला नाही.

आणि गावात काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. एक्स-रेनंतर शमिका निर्दोष ठरली, पण कागद केला कोणी हा प्रश्न तसाच राहिला, आणि त्याचं उत्तर गावाने आधीच ठरवून ठेवलं होतं. माणसं किराण्यासाठी दोन किलोमीटर लांबच्या दुकानात जायला लागली. अवनीचं त्याहून वाईट झालं. तिला कोणी काही बोललं नाही. फक्त मैदानावर तिला कोणी पास देईना. ती मोकळी उभी असायची, हात वर करायची, आणि चेंडू दुसरीकडे जायचा. विनीत सर ओरडले, पोरींना बाहेर बसवलं, पण पोरींच्या घरात जे बोललं जातं ते सर कुठे पुसणार? जूनमध्ये तिची राज्याच्या संघासाठी चाचणी होती. ती गेलीच नाही. स्टिक आणून ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवली. "शाळेची आहे," म्हणाली. मी ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

हे सगळं मी नऊ वर्षं पोटात घेऊन वावरलो. निवृत्त झालो, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, तरी ती स्टिक डोळ्यांसमोर यायचीच.

यंदा शिमग्याच्या आठ दिवस आधी शमिका माझ्या घरी आली. परवाच्या सामन्यात लागल्याने एका पायाने किंचित लंगडत होती. आनंदीने कोकम सरबत दिलं. मला वाटलं, सत्काराचं आमंत्रण असेल.

"काका, मी शाळेत मुलींचा संघ परत उभा करतेय," ती म्हणाली. "मला वर्षातले दहा महिने बाहेर राहायला लागतं. रोज शिकवायला इथलंच कोणीतरी हवं. मी अवनीकडे गेले होते."

अवनी आता सावर्ड्याला दिली आहे, पण नवरा रत्नागिरीत कामाला म्हणून इथेच माहेरच्या शेजारी राहते.

"मग?"

"म्हणाली, आधी माझ्या बाबांचं नाव धुऊन दे, मग स्टिक हातात घेते."

सरबताचा ग्लास तिने खाली ठेवला.

"त्या अर्जात दोन्ही तारखा होत्या, काका. माझी आणि नमूची, दिवसासकट. आमच्या घराबाहेर कोणाला त्या ठाऊक नव्हत्या. दोन्ही एका जागी होत्या त्या फक्त तुमच्या रजिस्टरात." ती अगदी शांतपणे बोलत होती. "तरी खात्री नव्हती. मग गाऱ्हाणं झालं. 'दारात उभा कर' म्हटल्यावर सगळ्यांनी हात जोडले. तुम्हीही जोडलेत. पण तुमचा पाय मागे गेला. कोण कुठल्या पायावर आहे, हे बघणं माझं कामच आहे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तारीख दुरुस्त करायची होती. कागद तुमच्या हातात होते. तुम्हाला चिडवलं असतं तर अजून दोन वर्षं गेली असती." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "तुम्ही एकटेच संशयी नाही, काका. मला तुमचा भरवसा नव्हता. म्हणून मी गप्प बसले, आणि नंतर गप्पच राहिले. नमू फोनवर सांगायची, अवनीला कोणी पास देत नाही. मी ऐकायचे आणि सरावाला जायचे."

"शमे, माझ्यामुळे तुझा दौरा गेला—"

"माझा एक दौरा गेला. मला नंतर बावीस मिळाले. अवनी माझ्यापेक्षा चांगली होती." ती उठून उभी राहिली. "खूप चांगली होती, काका."

ती गेल्यावर आनंदी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "पेन गळत नव्हतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं." एवढंच.

पालखी आमच्या अंगणात आली ती शिमग्याच्या चौथ्या दिवशी, टळटळीत दुपारी. ढोल थांबले. आनंदीने ओटी भरली आणि नारळ माझ्या हातात दिला. नेहमी तो मी शिवा गुरवाकडे देतो आणि सांगतो, पीक बरं येऊ दे, घरच्यांना सुखी ठेव. या वेळी म्हटलं, "शिवा, गाऱ्हाणं आज मी घालतो." तो चकित झाला, पण बाजूला सरकला.

"बा देवा महाराजा," मी म्हणालो. "नऊ वर्षांपूर्वी शमिकावर निनावी कागद झाला. तो दर्शनने केला नाही. त्याच्या घरच्या कोणीही केला नाही. तो मी केला. डाव्या हाताने लिहिला आणि मांडवीच्या पेटीत टाकला. पुढच्या शिमग्याच्या आत त्याला दारात उभा कर, असं तुला सांगणं होतं. मला उशीर झाला, महाराजा. मी आज उभा आहे."

कोणी काही बोलेना. होकार आल्याशिवाय नारळ फोडायचा नसतो. तो शिवाने माझ्या हातातून घेतला आणि तसाच धरून उभा राहिला. दीपाली माझ्याकडे पाहत होती, मग तिने तोंडाला पदर लावला. "नऊ वर्सं मी दर्शनभावजींच्या दुकानातनं मिठाचा खडा नाय घेतला," ती म्हणाली. माझ्याशी नाही, कोणाशीच नाही. मी जमिनीकडे पाहत होतो. या वेळी पाय मागे घेतला नाही, एवढंच मला आठवतं.

मग गर्दीच्या मागून आवाज आला. एकट्याचा.

"व्हय म्हाराजा."

दर्शन होता. शिवाने नारळ फोडला. दर्शन माझ्याकडे न बघता पुढे आला, पालखीच्या दांड्याखाली खांदा घातला आणि ढोल पुन्हा सुरू झाले. प्रसादाचा तुकडा मला कोणी दिला नाही. आनंदीने तिच्यातला अर्धा दिला.

आता मी नाक्यावर गेलो की माणसं बोलायची थांबतात. पोस्टमन कोणाच्या दारात कागद घेऊन आला की आधी माझ्या घराकडे बघतात. दर्शनच्या दुकानात गर्दी असते, मी मात्र आनंदीला पाठवतो. राग कोणाचा येत नाही. चौतीस वर्षं मी ज्या नजरेने गावाकडे पाहिलं, त्याच नजरेने गाव माझ्याकडे बघतंय.

काल संध्याकाळी शाळेवरून गेलो. मैदानावर दहाबारा पोरी होत्या. मध्ये अवनी, कमरेला ओढणी खोचलेली, हातात ती जुनी स्टिक. कोपऱ्यात एक बारकी पोर हात वर करून उभी होती आणि अवनी घसा फोडून ओरडत होती, "अगो, तिला दे! ती मोकळी हाय, तिला पास दे!"

तिने मला कुंपणाशी पाहिलं आणि ती गप्प झाली. मी चालू लागलो. वळणावर पोचलो तेव्हा तिचा आवाज पुन्हा सुरू झाला.